पेरणे बाईंचं सामाईक पान

जुलैचा पहिला शनिवार, शाळा सुटल्यानंतरची वेळ. मागितलेली रक्कम दोन हजार चारशे रुपये. हजर होते ते असे: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, उपाध्यक्ष दत्तू भोईर, सदस्य म्हणून मी, आणि ज्यांनी रक्कम मागितली होती त्या सातवीच्या वर्गशिक्षिका सुमती पेरणे.

आमचं गाव कर्जतहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. माझी मुलगी ईश्वरी तेव्हा सातवीत होती आणि दत्तूची तन्वीही त्याच वर्गात. मी कर्जतला एका भातगिरणीत हिशेब बघतो. दत्तूचं रेती, खडी, मुरूम, विटा असं बांधकामाच्या मालाचं दुकान आहे. आमच्या भागात हल्ली भातापेक्षा बंगले जास्त उगवतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं आहे.

पेरणे बाईंना वर्षभरासाठी नेट हवं होतं. शाळेत भिंतीवर एक मोठा टीव्ही होता, कुणीतरी देणगीत दिलेला. त्यावर पंधरा ऑगस्टची भाषणं दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नव्हता.

"कशाला पायजे नेट?" दत्तूनं विचारलं.

"बुधवारचा एक तास सामाईक पानावर घ्यायचाय. फोनवर एकच पान उघडायचं आणि सगळ्या मुलांनी एकाच वेळी त्यावर लिहायचं. टीव्हीवर ते सगळ्यांना दिसेल."

"मंग दोनशे पानी वह्या कशाला घेतल्या आमी?"

"वहीत मूल एकटं लिहितं, भाऊ. चुकलं तरी शेजारच्याला कळत नाही आणि चांगलं लिहिलं तरी कळत नाही."

"एका पानावर तेवीस पोरं? एका ताटात तेवीस जेवायला बसवा, मंग बगा काय व्हतं ते."

"बसवलीत मी," बाई म्हणाल्या. "पहिली पाच मिनिटं भांडतात. मग ज्याला जे हवं ते आपल्याकडं ओढतो आणि बाकीचं दुसऱ्याकडं सरकवतो. कुणी उपाशी राहत नाही."

अध्यक्षा हसल्या. दत्तू हसला नाही. शेवटी निम्मी रक्कम, म्हणजे बाराशे, मंजूर झाली. उरलेली निम्मी जानेवारीत, काम बघून. बाईंनी वाद घातला नाही. "चालेल," म्हणाल्या, "बघायला मात्र या." आणि खिडकीवर अडकवलेलं हेल्मेट काढून निघाल्या.

पेरणे बाई खालापूर बाजूच्या. तिकडूनच रोज स्कूटरवर यायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज मोठा पण कर्कश नाही. पावसात साडीवर पुरुषी रेनकोट घालायच्या आणि तो वर्गातल्या भारताच्या नकाशाच्या खिळ्यावर टांगायच्या, त्यामुळे पावसाळाभर तो नकाशा तळाशी ओला असायचा. "लंकेत पाऊस पडतोय," असं त्या पोरांना सांगायच्या. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट कायम पांढरं. टीव्ही लावला तरी खडू हातातून सुटला नाही. टीव्हीवरचं एखादं वाक्य दाखवताना त्या खडूनंच दाखवायच्या आणि काचेवर पांढरे ठिपके उमटायचे. ते पुसायला एक फडकं ठेवायचं काम पोरांनी आळीपाळीनं वाटून घेतलं होतं.

पहिल्याच बुधवारची गोष्ट ईश्वरीनं घरी येऊन सांगितली. कुणीतरी पानावर "आपला तालुका रायगड" असं लिहिलं. बाईंनी सवयीनं डस्टर उचललं आणि टीव्हीवरून फिरवलं. टीव्ही पांढरा झाला, वाक्य तसंच राहिलं. सगळा वर्ग हसून लोळायला लागला. बाईही हसल्या, मग म्हणाल्या, "बघितलंत? इथलं डस्टरनं जात नाही. मग आपण असं ठरवू. स्वतःचं स्वतः सुधारायचं. दुसऱ्याचं पुसायचं नाही. पटलं नाही तर त्याच्या खाली लिहायचं आणि नाव घालायचं."

हा नियम पुढं वर्षभर चालला. ईश्वरी तो घरीसुद्धा वापरायला लागली. फ्रीजवर तिच्या आईनं सामानाची यादी लावली, की ती यादीतलं कारलं खोडत नसे. खाली लिहीत असे, "कारलं नको. – ईश्वरी."

नेट आल्यामुळे बाई असं शिकवायला लागल्या, असं मात्र नव्हे. हीच पोरं सहावीत असतानाही त्या दुकानातल्या खाकी कागदाचं मोठं भेंडोळं आणून वर्गभर पसरायच्या. पोरं चारी बाजूंनी पालथी पडून एकदम लिहायची. कोपर लागायचं, शाई सांडायची, मध्ये लिहायला कुणाचा हात पोचायचा नाही. "मधलं पान रिकामं राहतं," ही बाईंची तक्रार होती. फोनवर मध्यापर्यंत सगळ्यांचा हात पोचतो, म्हणून त्यांना नेट हवं होतं. एवढंच. वीज गेली की त्या शांतपणे कपाटातून भेंडोळं काढायच्या. "टीव्ही गेला, पान नाही गेलं," म्हणायच्या.

नेटचं यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं डबडं. ते वर्गात कुठंही ठेवलं तरी चालेना. फक्त बोअरिंगच्या बाजूच्या खिडकीत, गजांपासून वीतभर बाहेर धरलं की सिग्नल यायचा. बाईंनी अध्यक्षांच्या घरून जुनं शिंकाळं मागून आणलं, ते गजांना बांधलं आणि त्यात यंत्र ठेवलं. दही ठेवायच्या शिंकाळ्यात नेट ठेवलेली शाळा मी तरी दुसरी बघितली नाही.

गिरणीला बुधवारी सुट्टी असते. त्यामुळे मला पुष्कळदा तो तास बघता आला. बाईंनी मागं एक खुर्ची ठेवून दिली होती आणि सांगितलं होतं, "तुम्ही फक्त बसा. उत्तर येत असलं तरी सांगू नका."

त्या तासाची खरी मजा हजेरीत होती. वर्गात तेवीस मुलं, पण बुधवारी नऊ घरांतून फोन यायचे. एका फोनवर दोन-तीन मुलं. फोन आईबापांचे, त्यामुळे पानावर लिहिणाऱ्याच्या जागी फोनवालं नाव उमटायचं. पोरांची नावं कुठंच दिसायची नाहीत. दिसायचं ते "साई टेंपो", "काशीनाथ दूध", "दत्ता बिल्डिंग मटेरियल", "आई नवीन नंबर". माझ्या फोनचं नाव नुसतं "हिशेब" होतं. ते कुणी घातलं होतं ते मला अजून माहीत नाही.

बाईंनी ती नावं बदलायला लावली नाहीत. उलट तीच पाठ केली.

"साई टेंपो, तुझा ऱ्हस्व-दीर्घ बघ. आई नवीन नंबर, छान लिहिलंयस, पण कुणी लिहिलंयस? नाव घाल. हिशेब, तू दुसऱ्याच्या वाक्यात घुसतोयस, मागं हो."

मागं बसलेलो मी दचकायचो. पोरं वळून बघायची आणि हसायची.

फोन घरचे, त्यामुळे ते तासात वाजायचेही. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी बाई घनफळ शिकवत होत्या आणि "दत्ता बिल्डिंग मटेरियल" वाजला. तन्वी घाबरली. बाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे, घे. स्पीकरवर टाक."

पलीकडचा माणूस म्हणाला, "दत्तूशेठ, मुरूम पाठवा. आठ ब्रास. जोत्यात भरायचाय."

"काका, मी तन्वी बोलतेय. पप्पा इथं नाहीत."

बाई पुढं झाल्या. "नमस्कार. ही शाळा आहे. तुमच्या जोत्याची मापं सांगता का? मुलांना गणित घालते."

त्या भल्या माणसानं सांगितली. वीस फूट लांब, पंधरा रुंद, भर दोन फूट. पोरं पानावर तुटून पडली. सहाशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सहा ब्रास. चार फोनांवरून एकदम "सहा" उमटलं.

"सहाच पुरतो काय?" तो माणूस म्हणाला. "मंग सहाच पाठवायला सांग गं बाय."

संध्याकाळी दत्तू माझ्या अंगणात उभा. "ही तुमची शाळा माझा धंदा बसवनार. मुरूम ठोकल्यावर बसतो, ये त्या बाईला कोन सांगनार? सहा टाकला तर जोतं अर्धं रिकामं. दोन ब्रासचं गिऱ्हाईक गेलं ते गेलं, वर त्यो मानूस मलाच लबाड म्हनतोय."

मी बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. त्यांना सांगा, पानावर उत्तराच्या खाली लिहा म्हणावं." दत्तूनं काही लिहिलं नाही. राग मात्र ठेवला.

भातकापणी उरकली आणि बाईंनी नवं पान उघडलं. झालं होतं असं, की तासात त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या शेताचं नाव काय?" पोरांनी धडाधड गट नंबर सांगितले. जमिनीचे व्यवहार घरोघर चालू असल्यामुळे नंबर सगळ्यांना पाठ. नाव तीन-चार जणांनाच माहीत होतं. बाईंनी पानाच्या डोक्यावर लिहिलं: "आमच्या शिवारातली नावं". प्रत्येकानं घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, खाचराचं नाव लिहायचं, ते का पडलं ते लिहायचं.

ते पान गावानं डोक्यावर घेतलं. पान घरच्याच फोनवर असल्यामुळे रात्री जेवणं झाली की मोठी माणसंच ते उघडून बसायची. वाकडं, कोंडीतलं, आंब्याखालचं, म्हातारीचं, भांडणाचं. भांडणाचं का, यावर खाली चार घरांनी चार कारणं लिहिली, प्रत्येकाच्या खाली नाव. कुणी कुणाचं पुसलं नाही. मला त्याचंच नवल वाटायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दत्तू पुन्हा माझ्या अंगणात आला. हातात फोन.

"हे वाच."

पानावर तन्वीनं लिहिलं होतं: "चिंचेचं खाचर. बांधावर मोठी चिंच होती म्हणून. – तन्वी." त्याच्या खाली: "हे सोनीचं खाचर आहे. चिंच नंतरची. – सोहम, काशीनाथ दूध."

काशीनाथदादा म्हणजे साठीचे दूधवाले, सोहम त्यांचा नातू. ते खाचर पूर्वी काशीनाथदादांच्या घरचं होतं. त्यांच्या वडिलांनी ते दत्तूच्या वडिलांना विकलं, त्याला खूप वर्षं झाली. आता दत्तू ते मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी विकायच्या बेतात होता. बोलणी चालू होती.

दत्तूनं माझ्यासमोरच बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाई, ती खालची ओळ काडा. तुमच्या एका बोटाचं काम हाय."

"बोट आहे, दत्तूभाऊ. पण ओळ सोहमची आहे. मी पुसायची नाही."

"शनिवारी पार्टी यायचीय. त्यांनी नेटवर बगितलं तर म्हनतील, जमिनीत भानगड हाय."

"पार्टीला नाही दिसत ते. ज्यांना लिंक दिलीय त्यांनाच दिसतं. वर्गातली तेवीस घरं."

"तेवीस घरं म्हंजी गावच की वो."

बाई हसल्या. दत्तूचा पारा आणखी चढला. "हसताय काय? ओळ काडत नसाल तर तन्वीला फोन मिळायचा नाय. आनि जानेवारीची मीटिंग हाय, ती बी ध्यानात ठेवा. एक रुपया मंजूर होऊ द्यायचा नाय मी. तासच बंद."

मग बाई म्हणाल्या, "बुधवारी अकराला वर्गात या. तुमचं म्हणणं तुम्हीच लिहा. काशीनाथदादांनाही बोलावते."

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी मला बाई भेटल्या. मी म्हटलं, "बाई, एक ओळ आहे. पोराला सांगून काढून घ्या. तास तरी वाचेल." दत्तू हट्टी आहे आणि मुख्याध्यापकांना वाद नको असतात, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी हेल्मेटचा पट्टा बांधता बांधता उत्तर दिलं. "ओळ काढली तर तास वाचेल. पण उद्यापासून पोरं लिहिण्याआधी बघतील, कुणाचा बाप मोठा आहे. मग त्या तासाचं मी काय करू?"

बुधवारी मी पावणेअकरालाच जाऊन बसलो. तन्वी फोनशिवाय आली होती आणि मान खाली घालून बसली होती. तिच्या फोनवर लिहिणाऱ्या आणखी दोन मुली तिच्या शेजारी रिकाम्या हातांनी. काशीनाथदादा आले ते दुधाची रिकामी किटली घेऊनच. दत्तू आला, फोन खिशात. बाईंनी दोघांना पहिल्या बाकावर बसवलं. बाक सातवीच्या पोरांच्या मापाचा, दत्तूचे गुडघे छातीला लागत होते.

"नियम मुलं सांगतील," बाई म्हणाल्या.

वर्गानं एका सुरात नियम म्हटला. पुसायचं नाही, खाली लिहायचं, नाव घालायचं.

"दत्तूभाऊ, फोन तन्वीला द्या. तुम्ही सांगा, ती लिहील."

दत्तूनं फोन काढून लेकीला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. टीव्हीवर "दत्ता बिल्डिंग मटेरियल" उमटलं.

"लिव," दत्तू म्हणाला. "आदी त्या मुरुमाचं लिव. मुरूम ठोकल्यावर बसतो. सहा ब्रासचं जोतं भरायला आठ लागतो. दत्तू भोईर."

"पप्पा, ते दुसरं पान आहे."

"मंग ते उगड. आदी ते."

बाईंनी ते पान उघडलं. घनफळाच्या उत्तराखाली दत्तूची ओळ आली. "धन्यवाद," बाई म्हणाल्या, "हे आम्हाला माहीत नव्हतं." दत्तूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मग शिवाराचं पान उघडलं आणि तो सरसावून बसला.

"लिव. सदरहू जमीन माज्या वडलांनी रीतसर खरेदी केलेली असून तिचा काशीनाथच्या घरान्याशी कायबी संबंध नाय."

तन्वीनं ते शुद्ध करून लिहिलं. वर्गानं वाचलं.

"काशीनाथदादा," बाई म्हणाल्या, "आता तुम्ही. खाली."

काशीनाथदादा किटलीच्या झाकणाशी चाळा करत होते. "सोहम, लिव. जमीन दत्तूचीच हाय."

दत्तू वळून बघायला लागला.

"आमच्या आबानं त्येच्या बापाला इकली. पैसं चोख मिळालं. त्यात मी कवा काय म्हनलो नाय, म्हननार बी नाय. लिवलंस?"

"आजोबा, हळू सांगा."

"हळूच सांगतोय रं. तूच हळू हायस. म्होरं लिव. सोनी माजी आत्या. तिचं लगीन झालं नाय. तितं समदा खडक व्हता. वढ्याची माती टोपलीनं व्हाऊन तिनं त्ये खाचर केलं. बांध बी तिनंच घातला. चिंच मागनं उगवली. सोनीचं नाव सातबाऱ्यावर नाय, घरपट्टीवर नाय, कुटंच नाय. त्या खाचराला तेवडं व्हतं."

सोहमची ओळ टीव्हीवर एकेक अक्षर पुढं सरकत होती. सगळा वर्ग त्या अक्षरांबरोबर सरकत होता. "तेवढं होतं" पर्यंत यायला पुष्कळ वेळ लागला, आणि तोवर बाई खडू हातात धरून नुसत्या उभ्या होत्या.

"मंग हे आदी का नाय बोललास?" दत्तू म्हणाला.

"तू कवा इचारलंस?"

दत्तूनं बाकावर जरा सरकून बसायचा प्रयत्न केला, पण जागा नव्हती. तेवढ्यात टीव्हीवर आणखी एक ओळ आली: "दोन्ही नावं खरी आहेत. सोनीचं आधीचं, चिंचेचं नंतरचं."

"हे कुनी लिवलं?" दत्तूनं विचारलं.

"तुमच्या फोननं," बाई म्हणाल्या.

दत्तूनं टीव्हीकडं बघितलं. ओळीच्या शेजारी "दत्ता बिल्डिंग मटेरियल" होतं. मग त्यानं तन्वीकडं बघितलं. ती फोनमध्ये तोंड खुपसून बसली होती.

"माज्या फोननं लिवलं असंल तर बराबर असंल," तो म्हणाला.

वर्ग फुटला. काशीनाथदादांच्या मांडीवरून किटली घसरून पडली आणि घरंगळत माझ्यापर्यंत आली. मुख्याध्यापक दारात डोकावून गेले. हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "दत्तूभाऊ, तुमची ती संबंध नाही वाली ओळ. ती तुमची आहे, स्वतःची पुसता येते. पुसायची?"

दत्तूनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून.

"नगं. ऱ्हाऊ दे. खाली लिव, तन्वे. संबंध नाय म्हंजी जमिनीचा नाय. नावाचा हाय. आनि माजं नाव घाल, फोनचं नगं."

काशीनाथदादांनी किटली उचलली. जाताना दत्तूला म्हणाले, "दूध कुनाचं घेतोस हल्ली?" "पिशवीचं." "हात्तिच्या," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवसापासून दत्तूच्या दारात त्यांची किटली दिसायला लागली.

जानेवारीच्या बैठकीत उरलेल्या बाराशेचा विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. त्यांना वाद होईल असं वाटत होतं. दत्तू म्हणाला, "मंजूर. इचारायचं काय त्यात? कामाची पाहनी मी स्वता केलेली हाय, पयल्या बाकावर बसून." पार्टी मात्र अजून घासाघीस करते आहे. जमीन विकली गेलेली नाही.

मे महिन्यात बाईंची बदली झाली, त्यांच्याच खालापूर तालुक्यात. घराजवळ मिळालं, म्हणून त्या खुशीत होत्या आणि तसं लपवतही नव्हत्या. निरोपाच्या दिवशी पोरं रडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "रडा, पण नाव घालून रडा, कोण किती रडलं कळलं पाहिजे." मग स्कूटरच्या पुढच्या जागेत खाकी कागदाचं भेंडोळं उभं ठेवलं, हेल्मेट घातलं आणि गेल्या. नकाशाच्या खिळ्यावरचा रेनकोट मात्र विसरल्या. तो ईश्वरीनं नंतर पोचता केला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यानंतर, यंदाच्या जुलैत, आणि तेही पूर्ण नाही. बुधवार होता. पोरं आठवीत गेली होती. नवे सर तरुण आहेत, त्यांनी तास तसाच ठेवलाय. शिंकाळंही तिथंच आहे. मी खिडकीशी उभा होतो. टीव्हीवर साई टेंपो, काशीनाथ दूध, हिशेब अशी सगळी मंडळी एकमेकांच्या मागंपुढं लिहीत होती. पाऊस मोजायची चर्चा चालली होती. आणि एकदम त्या गर्दीत एक नवं नाव उमटलं: सुमती पेरणे. सगळे हात थांबले. ते नाव पानावरून सावकाश खाली आलं, एका वाक्यापाशी थांबलं. काही पुसलं नाही. खाली एकच ओळ आली: "वाक्य चांगलं. नाव राहिलं."

"बाई!" असा जो ओरडा झाला तो बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांनी ऐकला. पुढच्या क्षणी नाव गेलंही. त्यांचाही तास चालू असणार.

आता हिशेब. मंजूर रक्कम दोन वेळा मिळून दोन हजार चारशे. नेटचं सहा महिन्यांचं रिचार्ज अकराशे चौऱ्याण्णव, दोनदा, कर्जतच्या मोबाईलवाल्याला दिले. उरले बारा रुपये. त्यांचं काय करायचं हे पोरांनी पानावर ठरवलं. बारा रुपये स्टेशनरीच्या दुकानाला देऊन खडूंची एक लहान पेटी घेतली आणि ती दत्तूच्या खालापूरला जाणाऱ्या गाडीतून, रेतीवर ठेवून, बाईंच्या शाळेत पाठवली. पोच पानावरच आली.

"खडू मिळाले. तीन मोडलेले. – सुमती पेरणे."

त्याच्या खाली:

"रस्ता खराब हाय. गाडीभाडं घेतलेलं नाय. – दत्तू भोईर."